तोड्यांसकट वजन

आमच्या मोजणीसाहेबांइतका अंदाजाचा वैरी साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. 'अंदाजे' म्हटलं की त्यांना शिवी ऐकल्यासारखं व्हायचं. खानावळीतली भाकरी ते आधी तळहातावर तोलायचे आणि "कालच्यापेक्षा हलकी आहे" म्हणून परत पाठवायचे. "जामखेड जवळ आलं" एवढंच म्हणाला म्हणून एका एसटी कंडक्टरला त्यांनी "जवळ म्हणजे किती?" असं विचारून पार भंडावून सोडलं होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात या गृहस्थांबरोबर पोरांची वजनं घेत हिंडणं माझ्या नशिबी आलं. लिंबाच्या फांदीला काटा टांगायचा, खाली झोळी, झोळीत पोर. वयाच्या मानानं हलकं भरेल त्यालाच सुकडीचा सरकारी पौष्टिक खाऊ, कारण पोती मोजकीच यायची. रोज तेच ऊन, तीच धूळ, तेच रडणं. संध्याकाळपर्यंत जीव नकोसा व्हायचा.

जामखेडकडच्या एका वस्तीत मात्र पोरं काडीसारखी आणि वजनं बरी! साहेब वाकून बघतात तर प्रत्येकाच्या पायात चांदीचे तोडे. तेही एकच जोड. एक पोर उतरलं की तोडे पुढच्याच्या पायात. चारचौघांत पोर हलकं भरलं तर आईची अब्रू जाते, म्हणून साऱ्या वस्तीनं केलेली ही सोय.

आता साहेब आकाशपाताळ एक करणार, असं मला वाटलं. पण त्यांनी "नक्षी बघू द्या" म्हणत तोडे मागितले, गुपचूप काट्याला लावले आणि परत दिले. मग प्रत्येक वजनातून तोड्यांचं वजन मनातल्या मनात वजा करत राहिले.

शेवटी एक बाई लेकीला घेऊन आली. तोड्यांसकट काटा जेमतेम हलला.

"लई हलकी न्हाई ना वो सायेब?"

"नाही बाई. चांगली भरली."

"मंग सुकडी नगं आमाला. हलक्या पोरास्नी द्या."

साहेब गडबडले. जन्मात खोटा आकडा न सांगितलेला माणूस तो! "अहो, हे बक्षीस आहे," ते घाईघाईनं म्हणाले, "वजन दिलं त्या सगळ्यांना." असलं बक्षीस कुठल्याच नियमात नव्हतं.

"वजनात पास झाली माजी बाय!" असं सांगत ती बाई सुकडी पदरात घेऊन गेली. साहेब झाडाकडे तोंड करून उभे राहिले. मला त्या विक्षिप्त माणसाची फार माया आली.

पुढे त्यांची बदली झाली. त्या वस्तीवर पुन्हा जायचा धीर ना त्यांना झाला, ना मला. ती पोर जगली, असं मी आजही धरून चालतो.