एकचा आकडा
वाणसामानाची यादी लिहायला काल खण उपसला, तर ती बुटकी पेन्सिल हाती लागली. करोनात इथे परदेशात, लेकाच्या गावी कॅसल हिलला, मतदानाला प्रत्येकाला वेगळी पेन्सिल मिळाली, वापरून घरी न्यायची. मी चौथी शिकलेला, पण माझं मत मीच ठरवतो. टीव्हीवरची बाई मात्र दिवसभर तेच आकडे सांगे, अमुक पुढे, तमुक मागे. सून म्हणाली, "बाबा, तुमचा माणूस पडतोय. त्याला कशाला मत देता?" म्हटलं, "टीव्हीला विचारून जेवतो का मी?" शाळेच्या हॉलमध्ये सॅनिटायझरचा वास, सगळी तोंडं झाकलेली, कुणी बोलत नव्हतं. इथे नावांपुढे पसंतीचे आकडे घालतात, एक म्हणजे पहिली पसंती. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहिलो आणि कानाशी तीच बाई बोलू लागली. हॉलमध्ये टीव्ही नव्हता. खाली पाहिलं, तर पुढे चाललेल्याच्या नावासमोर एकचा आकडा, माझ्याच वळणाचा. तो मी घातल्याचं मला आठवेना. नवा कागद मिळाला असता, पण चुकलो असं टेबलाशी बसून मतपत्रिका देणाऱ्या पोरीला सांगणार कोण? तसाच पेटीत टाकला. लेकाने विचारलं, "आपल्याच माणसाला ना, बाबा?" म्हटलं, "मग काय." काल यादीचा कागद पुढे ओढला, पेन्सिल टेकवली, आणि एकचा आकडा घालायच्या आधीच सुनेला हाक मारली, "तूच लिही गं."