एदमेनं गोळा केलेले पाहुणे

एदमे लोझियेनं एकतीस वर्षं आमच्या शाळेची बस चालवली. कॅनडात, न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरचं आमचं फ्रेंच बोलणारं मासेमारीचं गाव. तरुण माणसं शहरात गेली आणि शेवटी बसमध्ये नऊच मुलं उरली. एदमे निवृत्त झाली त्या वर्षी शाळा बंद करायची बोलणी चालू होती.

त्याच उन्हाळ्यात कॅमेरूनहून फिलोमेन आतांगाना आली, नवरा बोनाव्हांत्यूर आणि तीन मुलांना घेऊन. वृद्धाश्रमात माणसं कमी पडत होती, आणि फ्रेंच बोलणारी हवी होती म्हणून गावानंच तिला बोलावलं होतं. स्वागत जोरात झालं. कोट, बूट, गाद्या, आणि कोंबडीच्या रश्श्याची इतकी पातेली की तिच्या फ्रिजमध्ये जागा उरली नाही.

थंडी पडल्यावर एदमे तिला बर्फात गाडी चालवायला शिकवू लागली.

"ब्रेकवर नाचू नकोस गं. घसरली तर घसरू दे, चाक सरळ धर."

"मावशी, तुम्ही फ्रेंचच बोलताय ना? मला निम्मं कळत नाही."

"तुझी फ्रेंच पुस्तकातली. आमची खाऱ्या वाऱ्यात वाळवलेली."

जानेवारीतल्या एका रविवारी फिलोमेननं चर्चच्या दारात सगळ्यांना सांगितलं, "पुढच्या रविवारी दुपारी जेवायला या." आम्ही म्हटलं, "येऊ, येऊ." आमच्याकडे असं म्हणायची रीतच आहे. जात कोणी नाही.

ठरलेल्या रविवारी दोनच्या सुमारास एदमे तिच्याकडे गेली, ती फिलोमेनचे गाडीत राहिलेले हातमोजे द्यायला. दार उघडलं तर आत वीस माणसांचं टेबल मांडलेलं. भाजलेले मासे, तळलेली केळी, भात. मुलं ठेवणीतले कपडे घालून बसलेली.

"तुम्ही तरी आलात," फिलोमेन म्हणाली.

एदमेनं मोजे खिशात कोंबले. "सगळेच येतायत. गाड्या बर्फात अडकल्यात, मी घेऊन येते."

पहिलं घर तिच्या भावाचं, ओरेलचं. मी तिथंच हॉकीची मॅच बघत बसलो होतो.

"मला वाटलं, ती आपली सहज म्हणाली," ओरेल म्हणाला.

"तिच्याकडे सहज म्हणत नाहीत. बूट घाल."

"मी जेवलोय."

"मग परत जेव. आणि तू रे, तुला वेगळं आमंत्रण हवंय का?"

आपल्या मोठ्या गाडीतून तीन खेपांत तिनं सतरा माणसं नेली. आम्ही ताटं वाढून घेतली. मग बोनाव्हांत्यूर शांतपणे म्हणाला, "सात महिन्यांत या घरात कोणी बसलं नव्हतं. सगळे पातेलं देऊन दारातूनच परत जायचे."

आम्ही माना खाली घातल्या. एदमेचा चेहरा लाल झाला. "मीसुद्धा जेवायला आले नव्हते," ती म्हणाली. "हातमोजे द्यायला आले होते."

"ठाऊक आहे, मावशी," फिलोमेन म्हणाली. "एक खिशातून लोंबतोय केव्हाचा."

आधी ओरेल हसला, मग सगळेच. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत कोणी उठलं नाही.

फिलोमेन एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रयत्नात गाडीची परीक्षा पास झाली. बोनाव्हांत्यूरला मात्र गावात मनासारखं काम मिळालंच नाही; तो मॉन्क्टन शहरात नोकरी करतो आणि दर शुक्रवारी घरी येतो. दरवर्षी त्यांच्यात इथून जायचं बोलणं निघतं, पण मुलं जायला तयार होत नाहीत. मागून आणखी दोन कुटुंबं आली. शाळा अजून चालू आहे. एदमे दर रविवारी फिलोमेनकडे जेवते, तिखटानं डोळे पुसते आणि वरून आणखी वाढायला सांगते.