गव्हावर गहू

उत्तममामा माणसांना नावानं हाक मारत नसत, पिठानं मारत. "ज्वारी, झालं तुमचं." "बारीक बेसन, डबा उचला." मी अकोल्याहून लग्न होऊन या गावात आले आणि अंगावरची हळद पुरती उतरायच्या आत सासूबाईंनी डबा हातात देऊन चक्कीवर पाठवलं. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. झाकण उघडून मूठभर दाणे वर काढले आणि म्हणाले, "गव्हात सोयाबीन मास्तरच्याच घरचे टाकतेत. नवी सून काय वो तू? बस मंग. गव्हावर गहू लावतो." त्या दिवसापासून मी सोयाबीन झाले. मी एम.ए. आहे, इतिहास शिकवते, पण चक्कीवर त्याचा काही उपयोग नव्हता.

गव्हावर गहू म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पिठाच्या पिशव्या येतात त्यांना सांगावं लागेल. चक्कीच्या दगडांच्या पोटात आधीच्या दळणाचं थोडं पीठ अडकून राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून बायका गव्हाच्या दळणामागे आपला गहू लावायला सांगतात आणि ज्वारीमागे ज्वारी. मामा डब्यांची रांग तशी लावत. डबा कोणाचा, हे रांगेत येत नसे. "पसाभर तुयं त्याच्यात जाते, पसाभर त्याचं तुयाकडे येते," ते म्हणत. "म्या काय वेचून काढू? चक्की हाये ते."

आणि आमच्या गावात कोणाकोणाचा डबा येई म्हणता? मूर्तिजापूरच्या पुढे, शकुंतला रेल्वेचे रूळ आता गवतात बुडाले आहेत त्या बाजूला आमचं गाव. कापूस आणि रेल्वे या दोन गोष्टींनी इथं माणसं आणून टाकली. कुणबी, माळी, तेली हे मूळचे. जिनिंगमागे मारवाडी आणि कच्छी आले, फाळणीनंतर सिंधी आले. मोमीनपुऱ्यात मुसलमान विणकर, ओढ्यापलीकडे भीमनगर, त्यापुढे बंजाऱ्यांचा तांडा, आणि रूळ दुरुस्त करायला आलेली चार-दोन तेलुगू कुटुंबं, जी गाडी बंद पडली तरी परत गेली नाहीत. परक्या माणसाला हे सगळं कळायला वर्ष लागलं असतं. मला चक्कीवरच्या बाकड्यावर बसून महिन्याभरात कळलं, कारण भाकरी कोणाची, पोळी कोणाची आणि तांदळाची पिठी कोणाची, हे तिथं उघडंच होतं.

मामा जातीनं माळी, अंगानं काटकुळे, भुवयांवर कायम पीठ. तापट होते. कोणी रांग मोडली तर डबा उचलून थेट रस्त्यावर ठेवत, मग तो नगराध्यक्षांच्या घरचा का असेना. पीठ उतरू लागलं की चिमूट घेऊन अंगठ्यानं चोळायचे आणि समाधान झालं नाही की ओरडायचे, "रशीद, दगड बसला बे." रशीदभाई मोमीनपुऱ्यातले. दगड घासून गुळगुळीत झाले की त्यांना टाकी मारून पुन्हा खरबरीत करणं हे त्यांचं काम. छिन्नी-हातोडा घेऊन ते मांडी घालून बसत, मामा शेजारी बसून चुका काढत. दोघं तरुणपणापासून एकमेकांना शिव्या देत आले होते. मामांच्या घरून रशीदभाईंना ताकाचा तांब्या येई आणि ईदेला तिकडून शीरखुर्म्याचा डबा. मामांची बायको तो मुकाट्यानं चुलीपासून लांब ठेवी आणि मामा चक्कीवर बसून एकटेच संपवत. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण रांग एक होती.

मग गावात ते झालं. एका मिरवणुकीवरून सुरू झालं, दगड आले, दोन दुकानं जळली, संचारबंदी लागली. खरं सांगायचं तर आमच्या गावात पुण्या-मुंबईच्या बातमीत येण्यासारखं काही झालं नाही. कोणी मेलंही नाही. सगळं निवळलं म्हणून शांतता समितीनं चहा घेतला.

चक्की उघडली त्या सकाळी मी बाकड्यावर होते. वरच्या आळीतल्या एक बाई डबा घेऊन आल्या. मामांनी सवयीनं सांगितलं, "आता गहू झाला. लावतो तुमचा."

बाईंनी विचारलं, "कोणाचा?"

मामांना प्रश्नच कळला नाही. आयुष्यभर बायकांनी त्यांना विचारलं होतं, आधी काय दळलं. कोणाचं दळलं हे पहिल्यांदा विचारलं गेलं. "गव्हाचा," ते म्हणाले. बाईंनी डबा उचलला आणि घरी नेला.

पुढच्या आठवड्यात काही पोरं आली. आपल्या लोकांचं दळण वेगळं ठेवा, त्यांच्या डब्यात काय असते काय नसते कोणाले माहीत, असं म्हणाली. मामांनी त्यांना आयमाय काढून हाकललं. दोन दिवसांनी मोमीनपुऱ्यातले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले. अदबीनं बोलले, पण मागणी तीच होती. मामांनी त्यांनाही अदबीनं हाकललं. इतक्या वर्षांत गावाचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, ते हे.

डबे कमी झाले. बाकड्यावर जागा मिळू लागली. मामांचा मुलगा प्रशांत घरी धुमसू लागला. "बाबा, तुमी कोणासाठी लढून राहिले? ज्याइच्यासाठी लढता ते तर तिकडं नवी चक्की टाकून राहिले." मामा त्याच्याशी बोलेनासे झाले. मुलाचं त्यांना विशेष वाटलं नसावं. मुलं अशीच बोलतात. पण एका दुपारी रशीदभाई टाकी मारायला आले आणि छिन्नी न काढता उभेच राहिले. मी पिठासाठी थांबले होते.

"मामा, अलग टाइम दे दो," ते म्हणाले. "सकाळी तुमच्यावाल्याइचं, संध्याकाळी आमच्यावाल्याइचं. मलेच आता बायका विचारतेत, तू तिथं काहून जातो म्हून. घरात पोरी हायेत माया."

मामांनी दगडावरचं पीठ हातानं झाडलं. "तू बी?" एवढंच विचारलं. रशीदभाईंनी मान खाली घातली आणि कामाला बसले. त्या दिवशी मामांनी एकही चूक काढली नाही.

सोमवारपासून सकाळ आणि संध्याकाळ झाली. मी सकाळच्यांतली. कोणी मला विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

मामांना वाटलं असावं, निदान आता थांबेल. महिना झाला नाही तोच सकाळच्या रांगेत वरच्या आळीतली बाई त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "भीमनगरवाल्याइचं माया मागून लावजा, मामा." दुसऱ्या दिवशी भीमनगरच्या बाया आल्याच नाहीत. त्यांनाही कान होते. मारवाड्यांनी घरगुती चक्क्या घेतल्या. संध्याकाळच्या रांगेतही कोणाचं कोणाशी पटेना, असं रशीदभाई सांगत. मामा मला म्हणाले, "कापड एकदा चिरलं नं सोयाबीन, का मंग ते आपल्या मनानं जाते. आपून कुठं थांबवायचं ठरवून उपयोग नाई." मी काहीतरी समजुतीचं बोलले. इतिहासाच्या प्राध्यापिकेनं बोलावं तसं पोकळ.

सगळ्यात शेवटी लक्ष्मम्मा आली. रेल्वेच्या पडक्या क्वार्टरमधली तेलुगू म्हातारी, तांदळाचा छोटा डबा घेऊन. तिचा नवरा ख्रिस्ती होता, ती देवीला जायची, आणि मुलगी मोमीनपुऱ्यात दिलेली. दारात उभी राहून तिनं विचारलं, "मामा, मैं कौनसे टाइम में आऊँ?"

रांगेतल्या बायका हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी रांग थांबवून तिचा डबा लावला, आणि त्या पिठीमागे कोणी आपला डबा लावू देईना. पुढे ती आली नाही. दुकानातली पाकिटं घेते असं कळलं.

त्यानंतर मामा खचलेच. चक्की प्रशांत बघू लागला आणि मामा ओसरीवर बसून राहत. जेवण तुटलं. डॉक्टरांनी अकोल्याला नेऊन तपासण्या केल्या, दोष निघाला नाही. मी भेटायला जाई तेव्हा ते मला आता माझ्या नावानं हाक मारत. मला त्याचं फार वाईट वाटे. मागच्या पौषात एका पहाटे ते झोपेतच गेले.

उन्हं वर यायच्या आत बातमी सगळ्या गावात गेली होती. अकराच्या सुमारास नेलं. गर्दी चांगली होती. माळी होते, कुणबी होते, वरच्या आळीतले होते, भीमनगरचेही थोडे मागे चालत होते. मी रशीदभाईंना शोधत होते. मला वाटलं पुढे खांदा द्यायला असतील, मग वाटलं स्मशानात परस्पर येतील. ते कुठंच नव्हते. प्रशांत म्हणाला, "पाहा, हे असे असतेत."

दिवस मावळता मावळता मी मामींपाशी ओसरीवर बसले होते. घर रिकामं झालं होतं. फाटकापाशी रशीदभाई उभे दिसले, अंगावर ईदेचा पांढरा सदरा. त्यांच्या मागे मोमीनपुऱ्यातली बरीच माणसं, बायकाही, रस्त्याच्या कडेला गुपचूप उभ्या. मला राहवलं नाही. मी जाऊन विचारलं, "भाई, सकाळी काहून नाही आले? तुमची वाट पाहिली."

"कळलं सकाळीच, भाभी," रशीदभाई म्हणाले. "निघालो बी होतो. चौकापर्यंत आलो. तुमच्यावाल्याइची गर्दी दिसली." ते ओसरीवरच्या मामांच्या रिकाम्या खाटेकडे पाहत होते. "म्हटलं, सकाळचा टाइम आपला नाई. संध्याकाळी जाऊ."