दोघांच्या वजनाची होडी

होडी साच्यावर पालथीच होती आणि तिच्या पाठीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. विष्णू तड्यात नख घालून बघत होता. मिलिंद जरा लांब उभा राहून हसू दाबत होता.

"हसतो काय?" मी विचारलं.

"मॅडम, साचा काळ्या मातीचा केलाय आपण."

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला.

मी परभणीला एका तंत्रनिकेतनात सिव्हिलची लेक्चरर होते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट माझ्याकडे असत. बाकीच्या पोरांनी नेहमीप्रमाणे पूल आणि पाण्याच्या टाक्या घेतल्या होत्या. या दोघांनी सिमेंटची होडी मागून घेतली. सिमेंट बुडतं, असं सगळे म्हणतात. पण लोखंडी जहाज तरंगतं त्याच नियमानं सिमेंटची होडीही तरंगते. ती जेवढं पाणी बाजूला सारू शकते, त्या पाण्यापेक्षा माणसांसकट हलकी असली म्हणजे झालं.

करायची रीत अशी. पालथ्या होडीच्या आकाराचा ढीग रचायचा, तो साचा. त्यावर खुराड्याला लावतात ती बारीक जाळी पसरायची. जाळीत सिमेंट आणि वाळूचा गिलावा दाबून भरायचा, बोटभर जाडीचा. याला फेरोसिमेंट म्हणतात. मग ओलं बारदान टाकून बरेच दिवस पाणी मारायचं. ते क्युरिंग. सिमेंट वाळून घट्ट होतं असा समज आहे. ते पाणी पिऊन घट्ट होतं.

आमचं सिमेंट पाणी प्यायलं, आणि खालची काळी मातीही प्यायली. माती फुगली आणि होडी आतून फाटली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची, उरलेली त्याच मातीत राबणाऱ्यांची. काळी माती पाण्यानं फुगते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कॉलेजच्या आवारात आल्यावर आम्हा सगळ्यांना ती नुसती माती वाटली. मलासुद्धा.

प्रिन्सिपल सर बघायला आले. "मॅडम, अजून वेळ आहे. थर्माकोलचा पूल करून घ्या."

"सर, साचा मुरमाचा करतो. मुरूम फुगत नाही."

"आणि ही?"

"ही कुंडी म्हणून वापरू."

सर गेले. विष्णू म्हणाला, "मॅडम, कुंडी लय मोठी झाली."

विष्णू झरीचा. घरी शेती, अंगानं दांडगा, बोलायला कमी. मिलिंद चुडाव्याच्या जवळच्या एका गावचा, रोज पॅसेंजरनं ये-जा करणारा. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते. रूळ बघणाऱ्या टोळीतले. मिलिंद डिप्लोमा करणारा घरातला पहिलाच. वडिलांनी सगळ्या टोळीला सांगून ठेवलं होतं की पोरगं ओव्हरसियर होणार. त्याला एक टर्म उरली होती. प्रोजेक्टची परीक्षा, लेखी परीक्षा, आणि संपलं.

दुसरी होडी नीट आखून करायची ठरली. सी-सॉच्या फळीवर एका बाजूला जाड पोर आणि एका बाजूला बारीक पोर बसलं, तर जाड्याला मध्याकडे सरकावं लागतं. होडीचंही तसंच. त्यामुळे दोघांची खरी वजनं हवी होती. आम्ही स्टेशनवर पार्सलच्या काट्यावर गेलो. विष्णू बहात्तर किलो भरला. मिलिंद एक्कावन्न.

पार्सलवाला म्हणाला, "कुठं बुक करू? याला पोत्याचा दर लागंल. ह्यो हातातच नेता येतो."

"याला ब्रेकव्हॅनमधी टाका," मिलिंद म्हणाला. "सीटवर मावत न्हाई."

या आकड्यांवर ड्रॉइंग केलं. मिलिंदची बैठक पुढे, अगदी नाकाशी. विष्णूची मध्याच्या जरा मागे. बैठका गिलाव्यातच घडवायच्या, म्हणजे नंतर हलवता येत नाहीत. दोघं बसले की होडी सरळ. विष्णू एकटाच बसला तर नाक वर, मागची कड खाली, आणि मागून पाणी आत.

होडीला नाव काय द्यायचं, असं वर्गात कुणीतरी विचारलं. तेव्हा अख्खा मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून दोन बाजूंना उभा होता. वर्गात बाकंसुद्धा वाटली गेली होती. हे दोघं मात्र अजून एकाच बाकावर बसत.

"नावाची भानगडच नको," मिलिंद म्हणाला. "नंबर टाकू."

विष्णूनं खिळ्यानं ओल्या गिलाव्यात दोनचा आकडा कोरला. पहिली कुंडी झाली होती.

गिलावा झाला आणि त्याच आठवड्यात नामांतराचा निर्णय जाहीर झाला. दगडफेक, बंद, एसट्या डेपोत. कॉलेज बंद, हॉस्टेल रिकामं. मी घरी बसून कामांची यादी केली. सगळ्यात वर लिहिलं, क्युरिंग. पातळ गिलावा चार दिवस कोरडा राहिला की बारीक चिरा पडतात. त्या भरून येत नाहीत.

रस्ते जरा शांत झाल्यावर मी बादली घेऊन कॉलेजवर गेले. बारदान ओलं होतं. वॉचमननं सांगितलं, "ते झरीचं पोरगं सायकलवर यायलंय रोज."

विष्णू दुपारी आला. घामाघूम. मी म्हटलं, "घरचे सोडतात?"

"चुलता लय बोलतो." तो बादली भरू लागला. "पण वाळली तर मिलिंद शिव्या घालंल मॅडम."

कॉलेज सुरू झालं. मिलिंद आला नाही. त्याच्या गावात काही घरं जाळली होती, एवढं कळलं. आठवडा गेला. प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. टर्म ग्रँट म्हणून एक प्रकार असतो. ठरावीक हजेरी भरली तरच परीक्षेला बसता येतं.

"मॅडम, त्याची हजेरी बसत नाही. नाव काढून टाका."

"शेवटच्या तारखेपर्यंत ठेवते सर."

"येणार आहे का तो?"

"विचारून येते."

रविवारी पॅसेंजरनं निघाले. विष्णू न सांगता स्टेशनवर येऊन उभा होता. गाडीत मी पुन्हा यादी केली. हॉस्टेलची खोली. मेस. हजेरीसाठी सरांना अर्ज. हॉस्टेल नको वाटलं तर माझं घर.

मिलिंदचं घर वस्तीच्या कडेला होतं. भिंती काळ्या पडलेल्या. छपराचे पत्रे काढून एका बाजूला रचले होते. आई बोचकी बांधत होती. धाकट्या दोघी बहिणी भांड्यांची काजळी घासत होत्या. मिलिंदनं आम्हाला बघितलं आणि आधी विष्णूला विचारलं, "तडा?"

"न्हाई. एक बी न्हाई."

वडील रेल्वेचा निळा डगला घालूनच बसले होते. त्यांनी बाज पुढे केली. चहा आला. विष्णूनं तो सगळ्यात आधी उचलला आणि तोंड पोळलं तरी संपवला.

मी एकेक मुद्दा सांगितला. ते प्रत्येकाला मान हलवत होते.

"तीनच महिने आहेत," मी म्हटलं. "नंतर तुम्ही म्हणाल तिकडे जाईल."

"बाई, तुमी चांगलंच सांगायलात. माझी ना न्हाई." ते म्हणाले. "पण माझी ड्यूटी रुळावर. बदली होईस्तोवर मी पूर्णेला रेल्वेच्या रनिंग रूममधी पडंन. ही लेकरं मनमाडला साडूकडं चाललीत. तिथं बाप्या माणूस कोण हाय संगं? साडूच्या घरात ह्यांचा भार कोण उचलायचा?"

"मिलिंदला मी सांभाळीन."

"एक पोरगं तुमी सांभाळाल. ह्या दोन पोरी?"

माझ्या यादीत त्या दोघी नव्हत्या.

विष्णू म्हणाला, "मामा, आमच्या घरी..." आणि तिथंच थांबला. त्याच्या घरी काय म्हणतील, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

"बोललास, त्येच्यात आलं लेकरा," वडील म्हणाले.

मिलिंद आम्हाला स्टेशनपर्यंत पोचवायला आला. रस्ताभर दोघं होडीचंच बोलत होते. बारदान कधी काढायचं, वल्ही कशाची करायची. गाडी दिसल्यावर मिलिंद म्हणाला, "माझ्या जागी किशनला बसव." किशन त्यांच्याच वर्गातला.

"किशन जड हाय."

"मग त्याला उपाशी ठेव दोन दिवस."

विष्णू हसला नाही.

शेवटची तारीख आली, तेव्हा मी मिलिंदच्या नावावर रेघ मारली. रेघ पट्टी लावून मारली.

परीक्षा झरीच्या अलीकडच्या पाझर तलावावर झाली. होडी बैलगाडीतून आणली, खाली कडबा घालून. बाहेरचे परीक्षक ड्रॉइंग घेऊन काठावर उभे राहिले. वर्ग जमला होता. दोन्ही बाजूंची पोरं आली होती, अजूनही वेगवेगळी उभी होती.

"दोन बैठका दिसतात. दुसरा विद्यार्थी?"

"कॉलेज सोडलं," मी म्हटलं.

"मग दुसऱ्या कुणाला तरी बसवा. एवढी मुलं आहेत."

किशन चपला काढून पुढे आला. विष्णूनं त्याच्या छातीवर हात ठेवला. जोरात नाही, नुसता ठेवला.

"सर, डिझाइन एक्कावन्नचं आहे," विष्णू परीक्षकांना म्हणाला. मग बैलगाडीकडे गेला आणि एक पोतं खांद्यावर घेऊन आला. वाळूनं भरलेलं, तोंड सुतळीनं शिवलेलं. झरीच्या अडत्याकडे काट्यावर तोलून आणलं होतं, हे मला नंतर कळलं. पाण्यात उतरून त्यानं ते पुढच्या बैठकीवर ठेवलं. आडवं ठेवलं तर पसरत होतं, म्हणून उभं केलं, माणूस बसतो तसं. मग तो मागे चढून बसला.

होडी जरा डुलली आणि सरळ झाली. पाण्याची रेघ ड्रॉइंगमधल्या रेघेला सगळीकडून सारखी लागली. मी शिकवायला लागल्यापासून एवढं बिनचूक काम बघितलं नव्हतं. विष्णूनं तलावाच्या मध्यापर्यंत वल्हवत नेली, वळवली, परत आणली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. परीक्षकांनी ड्रॉइंगवर सही करताना विचारलं, "वजन इतकं काटेकोर का धरलं? थोडं कमीजास्त चालतं."

"तेव्हा तसंच ठरलं होतं," मी म्हटलं.

काठावर आल्यावर पोरं होडी उचलायला धावली. कुणीतरी पोतं ओढून पाण्यात टाकायला निघालं. विष्णूनं ते काढून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि बैलगाडीपर्यंत नेऊन हळूच खाली ठेवलं.

विष्णूला फर्स्ट क्लास मिळाला. तो आता पाटबंधारे खात्यात आहे. मिलिंद मनमाडला एका वर्कशॉपात लागला आणि पुढे वेल्डर झाला. हात चांगला आहे, असं विष्णूकडून कळतं. डिप्लोमा राहिला तो राहिलाच. होडी कॉलेजच्या मागे पालथी आहे. एवढ्या पावसाळ्यांत तिला एकही चीर पडलेली नाही.

त्यानंतरही काही बॅचनी होड्या केल्या. पोरं उत्साहानं काट्यावर जाऊन स्वतःची वजनं करून आणतात. मी ते कागद बाजूला ठेवते. सरासरी माणूस साठ किलोचा धरा म्हणते, आणि बैठका सुट्या ठेवायला लावते.