झावळीने फाटलेला कान

"टिम्पॅनिक मेम्ब्रेन परफोरेशन," कानाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीवरून डोळा काढत सांगितलं. म्हणजे कानाच्या पडद्याला भोक. डाव्या कानाच्या. मी शहाण्यासारखी मान डोलावली, जणू आमच्याकडे दर महिन्याला कुणाच्या तरी पडद्याला भोक पडतंच.

"कशाने झालं?"

"वाडीत माडाची झावळी पडली अंगावर."

डॉक्टरांनी माझं डोकं पाहिलं, खांदा पाहिला. कुठे ओरखडा नाही. "झावळी फारच नेम धरून पडली," म्हणाले, आणि लिहू लागले.

मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. आज नातवंडं खेळवणारी ही म्हातारी त्या बाईकडे बघते तेव्हा तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. पण ते काम तेव्हा दुसऱ्या माणसाकडे होतं. वसईजवळच्या होळी गावात आमची फुलांची वाडी. आमचे यजमान म्हणजे गावातले सभ्य गृहस्थ. लग्नाच्या पंगतीत वाढायला पुढे, मयताला खांदा द्यायला पुढे. घरी फक्त हात पुढे.

आदल्या सकाळी सोनचाफ्याची करंडी गाडीच्या वेळेत बांधून झाली नाही, म्हणून त्यांनी मला थोबाडीत मारली. थोड्या वेळाने मला पंपाचा आवाज येऊ लागला. पंप चालू राहिला म्हणून मी विहिरीवर बंद करायला गेले. पंप बंदच होता. आवाज माझ्याच कानात होता. त्याला टिनिटस म्हणतात, बाहेर आवाज नसताना कानात गुणगुण होणं. मी मात्र पंपाची कळ दोनदा खालीवर करून पाहिली. एवढी हुशार.

डॉक्टर म्हणाले, "कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. नाक जोरात शिंकरायचं नाही. बहुतेक वेळा भोक आपोआप बुजतं. दोन-तीन महिने वाट बघू." वाट बघण्यात माझा हात कुणी धरला नसता. चोवीस वर्षांचा सराव होता.

पण थोरल्या लेकीने माझा गाल पाहिला. गालावर झावळीची चार बोटं उमटली होती. तिने काही न विचारता मला बोळिंजला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिसऱ्या दिवशी यजमानांचा फोन आला. "बस तिथेच. या घरात आता पाऊल ठेवायचं नाही." दाराला नवं कुलूप लागल्याचं मागून कळलं. ज्या वाडीतल्या मोगऱ्याचं रोप न् रोप मी लावलं, तिच्या फाटकातही मला जाता येईना. मला माझं घर परत हवं होतं, आणि त्या घरात मार नको होता. या दोन गोष्टी एकत्र मागता येतात हेच मला ठाऊक नव्हतं.

घरातल्या हिंसाचाराविरुद्धचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. लेक मला संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन गेली. संरक्षण अधिकारी म्हणजे सरकारने नेमलेली व्यक्ती, जी आपली तक्रार लिहून न्यायालयापुढे ठेवते. तरुण मॅडम होत्या. मी ऐटीत माझी फाईल त्यांच्यापुढे सरकवली. इतक्या वर्षांतला एकेक केसपेपर मी जपून ठेवला होता, पुरावा म्हणून!

मॅडमनी वाचलं. बरगडीला चीर: न्हाणीघरात पाय घसरला. मनगट मोडलं: विहिरीची पायरी चुकली. भुवईला टाके: खिडकीचं दार लागलं. कान: झावळी.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "हे वाचून न्यायाधीश तुमच्या न्हाणीघराला अटक करतील. नवऱ्याला कशाला हात लावतील?"

लेक हसली आणि रडू लागली. डॉक्टर आपण सांगतो तेच लिहितात, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. दर वेळी यजमान स्वतः रिक्षाने मला दवाखान्यात नेत. वाटेत विचारत, "काय सांगायचं ठरवलंस?" आणि मी रंगवून सांगे. एकदा एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवरा किती काळजी घेतो!" तर मी लाजले. लाजले, बायांनो!

"जुने कागद आता बदलायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पण कानाची तपासणी चालू आहे ना?"

पुढच्या तारखेला ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत बसवून कानात बारीक शिट्ट्या वाजवतात. ऐकू आली की बटण दाबायचं. मग डॉक्टरांकडे. त्यांच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. बाहेर बाकावर डझनभर पेशंट आणि माझी चुलत जाऊ. यजमानांनी तिला मुद्दाम पाठवलं होतं, मी काय बोलते ते ऐकायला.

"डॉक्टर, ती झावळी नव्हती."

"काय? मोठ्याने बोला."

"झावळी नव्हती."

"अहो, ऐकू येत नाही."

या दुखण्यात स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, म्हणून माणूस हळू बोलतो, असं त्यांनी नंतर समजावलं. तेव्हा मात्र मला वाटलं, आता यांचाही पडदा फाटला. मी ओरडले, "नवऱ्याने मारलं! झावळी नव्हती, नवरा होता!"

बाहेरचं खोकणंसुद्धा थांबलं. पडदा सरकला आणि जाऊ आत आली. "डॉक्टर, मी पन सांगते. आमची भिंत एक हाय. चोवीस वर्सं ऐकते मी."

"चोवीस वर्षं ऐकून काय करत होतीस?" मी विचारलं.

"तुमच्यासारखंच, जाऊबाय. गप बसली होती."



डॉक्टरांनी माझा जुना कागद काढला. झावळीच्या खाली त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं: डोक्याला, खांद्याला इजा नाही. आता त्याखाली नवी नोंद केली: नवऱ्याने हाताने मारल्याचं पेशंट सांगते, इजा त्याच्याशी जुळते. केस एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवायची केस.

मग कानाच्या तारखा आणि कोर्टाच्या तारखा. यजमानांच्या वकिलाने माझेच कागद फडकावून दाखवलं की ही बाई वर्षानुवर्षं खोटं बोलते. खरं सांगायचं तर त्याचं हे एकच वाक्य खरं होतं. न्यायाधीशांनी मला कारण विचारलं. मी म्हटलं, "साहेब, मारणाराच रिक्षा करून आणायचा आणि बाहेर बाकावर बसायचा. आत मी काय सांगणार?" जाऊनेही साक्ष दिली, पदर कंबरेला खोचून, जणू भांडायलाच उभी आहे.

आदेश झाला. मला मारायचं नाही, धमकवायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही. मॅडम आणि एक हवालदार मला घेऊन घरी आले. कुलूप निघालं. यजमानांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे आवाजपण चढवायचा नाही?"

"चढवून बघा ना," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

एवढा मोठा पुरुष, पण मारणं आणि ओरडणं सोडलं तर त्याच्याजवळ तिसरं काही करण्यासारखं नव्हतंच. आठवड्याभरात यजमान नायगावला बहिणीकडे राहायला गेले.

भोक आपोआप बुजलं. टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे पडद्याला ठिगळ लावायचं ऑपरेशन, करावं लागलं नाही. थोडं कमी ऐकू येतं, ते चालतं. पहिल्याच दिवशी ओरखडा नसलेला खांदा पाहून तो टिपून ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. तुमच्यापैकी कुणी अशी फाईल सांभाळत असेल, तर एकदा उघडून वाचा. आणि तपासायला जाल तेव्हा बरोबरच्या माणसाला आधी बाहेर पाठवा, पडदा असेल तर पडद्यापासूनही लांब.

यजमान गेले त्या दुपारी मी आतून कडी लावली आणि आडवी झाले. कान फाटल्यापासून, लेकीच्या घरीसुद्धा, मी दुखरा कान खाली घेऊन झोपत असे. ठणकला तरी चालेल, पण पावलांची चाहूल घ्यायला चांगला कान वर हवा. त्या दिवशी मी कूस बदलली आणि चांगला कान उशीत दाबून संध्याकाळपर्यंत झोपले.