आमच्या विहिरीवरचं स्टेशन

आमच्या गावाला स्टेशन मिळालं ते आमच्या विहिरीमुळे. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण ही हकिगत मायच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मीच तिथे उभी होते असं वाटतं.

मूर्तिजापूरहून कारंज्याकडे जाणारी अरुंद रुळांची लहान गाडी आमच्या मळ्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जायची. जायची म्हणजे नुसती जायची. थांबायची नाही. गावातल्या बाया भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन कारंज्याच्या बाजाराला पायी निघायच्या, आणि ही त्यांच्या शेजारून शिट्टी मारत पुढे जायची.

एका उन्हाळ्यात अलीकडच्या स्टेशनवरचा हौद आटला. गाडी आमच्या मळ्यापाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला. बाबांची मोट चालली होती, पाटातून पाणी खळाळत होतं. ड्रायव्हरनं मायला विचारलं, "बाई, इंजिनाले पाणी भेटंल का?"

माय नवी नवरी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "तहानलेल्याले कोणी नाई म्हनते का? घ्या ना."

आमच्या विहिरीचं पाणी गोडं. ड्रायव्हर खूश झाला. खाऱ्या पाण्यानं इंजिनाच्या पोटात खपल्या धरतात म्हणे. तो परत परत थांबायला लागला. मग एक साहेब आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला, आणि पुढच्या खेपेला बाबांशी बोलणी करायला बसला. पाण्याबद्दल काय पाहिजे, असं त्यानं विचारलं. बाबा मायकडे पाहायला लागले. माय म्हणाली, "पानी न्या. पन गाडी थांबली की आमाले टोपल्या घेऊन चढू द्या."

एवढ्यावर स्टेशन झालं. विहिरीशेजारी दगडी खांबांवर लोखंडी टाकी उभी राहिली, मुरूम टाकून फलाट झाला, टिनाची खोली झाली, आणि कडुलिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा घंटा म्हणून टांगला गेला. मला आठवायला लागलं तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं गाडीवर चालायचं. सकाळची गाडी गेली की न्याहारी, दुपारची आली की बैल सोडायचे. आमच्या कोंबड्यासुद्धा शिट्टी ऐकली की रुळांवरून बाजूला व्हायच्या.

मी परकर नेसायची तेव्हा कोकणातून एक स्टेशनमास्तर बदलून आले. गोरे, किडकिडीत, टोपी कधी वाकडी होऊ न देणारे. पहिल्याच सकाळी माय टोपलं घेऊन फलाटावर उभी होती. त्यांनी विचारलं, "बाई, यात काय आहे?"

"सांभार."

मास्तरांचा चेहरा पडला. "सांभार? टोपलीत? अहो, डब्यात सगळीकडे गळेल ते!"

"गळंल कायले? ताजा हाय. आताच तोडला."

मास्तरांच्या गावी सांभार म्हणजे पातळ आमटी. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. मायनं फडकं बाजूला केलं, हिरव्यागार जुड्या दिसल्या, आणि फलाटावरच्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरही हसले. तेव्हापासून त्यांच्या घरी रोज एक जुडी जायला लागली. ती पोचवायचं काम माझं.

मास्तरीणबाईंना मूलबाळ नव्हतं. आमच्या गावच्या उन्हाला त्या फार भ्यायच्या. मायनं त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायला शिकवली. त्यांनी मला टिनाच्या खोलीमागे, लिंबाच्या सावलीत, वाचायला शिकवलं. पाटी नव्हती. मालाच्या डब्यांवर खुणा करायचा खडू होता आणि फलाटाच्या कडेच्या फरश्या होत्या. माझी बाराखडी त्या फरश्यांवर झाली. गाडी आली की उतारू तिच्यावर पाय देऊन जायचे, आणि गाडी गेली की आम्ही पुसलेली अक्षरं पुन्हा गिरवायचो.

माझं लग्न ठरलं ते मूर्तिजापूरकडच्या एका गावातल्या बागायती घरात. लढाईचे दिवस होते, पण आमच्याकडे तिची झळ अजून फारशी लागली नव्हती. सासऱ्यांनी निरोप धाडला, "वऱ्हाड गाडीनं येईल." त्यांच्या गावात आजवर कुणाचं वऱ्हाड गाडीनं गेलं नव्हतं. सगळी वऱ्हाडं बैलांच्या खाचरा-दमण्यांतून जायची. त्यामुळे सासऱ्यांनी ही गोष्ट पंचक्रोशीत सांगून ठेवली होती.

आमच्याकडेही कमी नव्हतं. मास्तरांनी फलाट झाडून घेतला, मास्तरीणबाईंनी रांगोळी घातली, टाकीच्या खांबांना आंब्याची पानं बांधली. सीमांतपूजन फलाटावरच करायचं ठरलं. वाजंत्री फलाटावर बसली. गोरज मुहूर्त होता आणि गाडी दुपारी येणार होती, म्हणजे वेळच वेळ होता.

गाडी आली नाही. दुपार कलली. मग ओढ्यापलीकडच्या वळणावर धूर दिसला, लांबलचक शिट्टी ऐकू आली, आणि धूर तिथेच थांबला. थोड्या वेळानं गार्ड घाम पुसत, रुळांवरून पायी चालत आला. अलीकडचा हौद पुन्हा आटला होता. ड्रायव्हर आमच्या विहिरीच्या भरवशावर निघाला होता आणि हाकेच्या अंतरावर इंजिनातलं पाणी संपत आलं होतं. त्यानं आग दाबून गाडी उभी केली होती.

बाबा म्हणाले, "मंग काय झालं? खाचरं जुपतो अन् वऱ्हाड घेऊन येतो."

खाचरं गेली तशी रिकामी परत आली. सासऱ्यांनी डब्यातून पाय खाली ठेवायला नकार दिला होता. "गाडीनं निघालो, गाडीनंच पोचू," असं ते खिडकीतून म्हणाले. वऱ्हाड्यांनी पण मान हलवली. बाबांनी कपाळावर हात मारला.

मास्तर टोपी हातात घेऊन फेऱ्या मारत होते. त्यांनी टोपी काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मायनं त्यांना विचारलं, "मास्तर, गाडी पान्यापाशी येत नाई, तं पानी गाडीपाशी न्याचं. चालते का तुमच्या कायद्यात?"

मास्तरांनी विचार केला. "घागरीनं भरू नये, असं काही कुठे वाचलेलं नाही मी."

झालं. सगळं गाव उठलं. त्याच खाचरांवर पाण्याची टिपाडं चढली. घराघरातून घागरी, हंडे, कळश्या निघाल्या. वाजंत्रीवाल्यानं सनई कमरेला खोचली आणि हंडा उचलला. लग्नासाठी आलेल्या माझ्या आत्या-मावश्या नव्या लुगड्यांचे काष्टे खोचून ओढ्याकडे निघाल्या. विहिरीवर मोट हाकायला बाबा, आणि पाटापाशी घागरी भरून द्यायला कुणीच नाही.

हळद लागलेल्या मुलीनं घराबाहेर पडायचं नसतं. पण आमचं घर मळ्यातच. माय मला म्हणाली, "विहीर आपल्या घरातच हाय असं समज अन् भर."

मी पाटापाशी उकिडवी बसले आणि भरत सुटले. कोण येतंय, कोण जातंय, पाहायला सवड नव्हती. गाडीतले उतारूही मदतीला आले होते, त्यामुळे अर्धे हात अनोळखी होते. एक जण धापा टाकत आला. गुडघ्यापर्यंत धोतर वर घेतलेलं, डोक्याला नुसता रुमाल, पाय चिखलानं माखलेले. घागर माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ओ बाई, जरा लवकर भरा. माह्या लग्नाचा मुहूर्त टळून राह्यला."

मी मान वर न करताच म्हणाले, "माहा बी टळून राह्यला."

हे बोलले आणि मग कळलं. त्यालाही कळलं असावं, कारण घागर भरून वाहायला लागली तरी तो उचलेना. माझे हात कोपरापर्यंत पिवळे. लपवणार कुठे? मला बघायला त्याचे काका आणि मामा आले होते, तो स्वतः आलाच नव्हता. आम्ही एकमेकांना पाहिलं ते असं, चिखलात. मोटेवरून बाबा ओरडले, "काहून थांबले रे तिथी? भरा ना!"

त्यानं घागर खांद्यावर घेतली. निघताना हळूच म्हणाला, "सगळ्याईपेक्षा तुमीच जोरात भरता."

पुढे आयुष्यभर त्यांनी माझं कौतुक क्वचितच केलं, पण हे एक वाक्य मात्र ते नाकारू शकले नाहीत.

इंजिन पूर्ण भरायची गरजच नव्हती. स्टेशनापर्यंत येण्याइतकं पाणी पोटात गेलं, ड्रायव्हरनं आग फुलवली, आणि सूर्य टेकत असताना गाडी ओढा ओलांडून आमच्या फलाटाला लागली. सासरे पहिल्या डब्याच्या दारात, पागोटं नीट करून, जणू काही झालंच नाही अशा थाटात उभे होते. बोहल्यावर नवरदेवाच्या पायांचा चिखल अजून वाळायचा होता. मुहूर्त साधला.

अक्षता पडल्या आणि बाबांनी फलाटावर उभं राहून गाडीतल्या सगळ्यांना हाक दिली, "ज्यानं ज्यानं पानी वाहलं तो आमचा पाव्हना. जेवल्याबिगर कोनी जाऊ नका!" उतारू उतरले. ड्रायव्हर जेवला, गार्ड जेवला. कारंज्याहून तारेवर विचारणा झाली, गाडी कुठे आहे? मास्तरांनी कळवलं, "पाणी भरणे चालू आहे." मग टोपी सारखी केली आणि बुंदीची पंगत वाढायला उभे राहिले.

त्यानंतर थोड्याच वर्षांत लढाईनं कोळशाची ओढाताण झाली. गाड्या कमी झाल्या. अलीकडच्या स्टेशनवर खोल विहीर खणली गेली, तिला गोडं पाणी लागलं, आणि इंजिनाला आमची गरज उरली नाही. आमचं स्टेशन बंद करायचं ठरलं. मास्तरांची बदली झाली. मास्तरीणबाई जाताना मायला मिठी मारून रडल्या, आणि बरोबर कळण्याच्या पिठाची पिशवी घेऊन गेल्या. भाजीवाल्या बायांनी आधीच मोटारीनं जायला सुरुवात केली होती. टिनाची खोली गावानं मागून घेतली. तिच्यात पोरांची शाळा भरायला लागली.

गाडी आमच्याकडे शेवटची थांबणार होती त्या दिवशी मी माहेरी होते. सकाळी माय नवं लुगडं नेसून फलाटावर आली. टोपलं नव्हतं. मी विचारलं, "माय, भाजी कुठी हाय?"

"आज भाजी नाई. आज मी जातो. चाल तू बी."

इतकी वर्षं ती डब्यात खालीच बसायची, टोपल्या कलंडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून. त्या दिवशी ती बाकावर बसली, खिडकीपाशी. गाडी हलली तशी तिनं काच खाली केली आणि बाहेर मान काढली. मोट चालली होती, बाबांनी हात वर केला. मेथीचे वाफे मागे गेले, वांग्यांची रांग मागे गेली.

"बाई वो," ती म्हणाली, "आपला मळा गाडीतून किती हिरवा दिसते! मले कोनी सांगतलंच नाई."

कारंज्यात आम्ही भजी खाल्ली, तिनं मला आणि स्वतःला हिरव्या बांगड्या भरल्या. बाजारातल्या ओळखीच्या बाया विचारत होत्या, आज काय आणलं? ती दोन्ही रिकामे हात दाखवत होती आणि खळखळून हसत होती. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. तेव्हाही तिनं खिडकी सोडली नाही.