पंपाची सवय

विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी आम्ही चार-पाच म्हातारे बसतो. कुणाकडे कंपनीचे किस्से, कुणाकडे कोर्टकचेरीचे. माझ्याकडे दवाखान्याचे साठलेत. गोळा करायला मी गेलो नव्हतो. सून शोभा खोकायला लागली, तिच्यासोबत बाकड्यावर बसत गेलो, आणि बाकड्यावर बसलेल्या माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं काम काय?

शोभा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती. दिवसभर कापडाचा भुसा उडायचा. घरी आली की छातीत शिट्टी वाजायची, जिना चढेपर्यंत तोंड उघडं पडायचं.

*

अंबरनाथला आमचे जुने डॉक्टर. माझी पोरं त्यांच्याच औषधांवर मोठी झाली, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. शोभा स्टुलावर बसायच्या आत त्यांचं लिहून झालेलं असायचं. आधी लाल बाटली दिली, मग हिरवी, मग पिवळी. छाती तपासायची नळी कायम गळ्यात, कानात कधी गेलेली मी पाहिली नाही.

शेवटी म्हटलं, "साहेब, जरा छाती ऐकता का हिची?"

म्हणाले, "बाबा, इथूनच ऐकू येतंय की."

ऐकू येत होतं! मग बाटल्यांचे रंग कशाला बदलत होता?

*

त्यांच्याकडे प्रत्येकाला सुई असायची. पाय मुरगळलेल्यालाही सुई. एकदा मी हळूच विचारलं, एवढ्या सुया कशाला? त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली घेतला.

"नाही दिली तर समोरच्या दवाखान्यात जातात, बाबा."

माणूस खरं बोलला. खोटं बोलला असता तर मला एवढा राग आला नसता.

*

सुईने शोभाला दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा शिट्टी. मग छातीचा फोटो काढला. म्हणाले, डाग वाटतोय, टीबीचं चालू करून बघू. थुंकी तपासायला पाठवलं नाही, काही नाही. नुसतं बघू! अरे, ते काय भाजीत मीठ आहे का, टाकून बघायला?

कारखान्यात कळलं. शोभाची मशीन मोरीजवळ गेली आणि चहाचा कप वेगळा झाला.

वेगळा कप माझ्या बापाने पाहिला होता. मला वाटत होतं, तो आता संपला.

*

मग कुणीतरी बदलापूरच्या डॉक्टरीणबाई सांगितल्या. बेलवलीत छोटा दवाखाना, पंखाही नीट फिरत नव्हता. पण बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारायला लागल्या. लहानपणी असं व्हायचं का? सुट्टीच्या दिवशी कमी असतं का? भुशात गेलं की वाढतं का? शोभा माझ्याकडे बघायला लागली, एवढं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मग एक नळी दिली, जोरात फुंका म्हणाल्या. काटा जरासा हलला. औषध ओढायला दिलं, थोडा वेळ बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. काटा सरसर पुढे गेला. थुंकीही तपासून घेतली. टीबी नव्हताच.

"दमा आहे," बाई म्हणाल्या. "रोजचा एक पंप तोंडाने ओढायचा, बरं वाटलं तरी सोडायचा नाही. दुसरा फक्त दम लागला तर."

शोभा रडायला लागली. मला वाटलं, दम्याला घाबरली. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे माझा कप..."

*

बाईंच्याच दवाखान्यात बाकड्यावर गंगारामभाऊ भेटले. घरं रंगवायचं काम करायचे. स्टेशनजवळच्या कुठल्याशा डॉक्टरांनी त्यांना पंप दिला होता. यांची तक्रार, पंप संपतो, दम जात नाही.

बाई म्हणाल्या, दाखवा बघू कसा घेता. भाऊंनी सदऱ्याची बटणं सोडली, उघड्या छातीवर दोनदा फवारा मारला आणि बाम चोळतात तसा तळव्याने चोळला.

आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत.

"कसा घ्यायचा, ते कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

भाऊ म्हणाले, "शिकवायचं असतं होय?"

*

घरी वेगळीच तऱ्हा. धाकट्या लेकीचं लग्न जमवायचं चाललं होतं. घरात दमा आहे म्हटलं तर पाहुणे दारातूनच परत जातील, असं आमच्या हिचं म्हणणं. त्यात ही एकटीच जुन्या डॉक्टरांना विचारून आली. ते म्हणाले, पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय. झालं! रोजचा पंप हिने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.

पंधरवड्यात शोभा मशीनवरच कोसळली. कारखान्यातल्या बायांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेली. वाचली.

तरी डबा उघडेना. ही म्हणायची, "साहेब स्वतः म्हणू देत, मग देते."

*

म्हणून आम्ही तिघं साहेबांकडे गेलो. उन्हाळ्याचे दिवस, दवाखान्याच्या खालच्या गाळ्यात मिरची कांडायचा डंक चालू. जिन्यात सगळे शिंकत होते.

मी साहेबांना हात जोडून म्हटलं, पंप चालतो एवढंच हिला सांगा. साहेब माझ्यावरच चिडले. म्हणाले, "पंप एकदा तोंडाला लागला की..." आणि खोकला आला. थांबेना. खुर्चीचे हात धरले, खांदे वर गेले, छातीतून तीच शिट्टी. ड्रॉवर चाचपला, खाली पाडला, हवं ते सापडलं नाही.

शोभाने पिशवीतून आपला दम लागल्यावरचा पंप काढून पुढे धरला.

साहेबांनी तो घेतला. हलवला. पुरता श्वास सोडला, पंप ओठांत धरला, दाबत सावकाश आत ओढला आणि डोळे मिटून श्वास रोखून धरला. बेलवलीच्या बाई शिकवतात, अगदी तसं.

मग दाराबाहेर बाकड्यावर बसलेल्या पेशंटांकडे बघून आमच्या हिला म्हणाले, "वहिनी, तेवढा पडदा ओढता का?"

हिने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा शोभाकडे. उठली आणि पडदा पार दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून उघडा करून ठेवला.